आट्यातून पाणी गळते तेव्हा



हंगाम सुरू झाला की आपल्या बोलण्यात टनेज, उतारा, तोडीची पाळी आणि वजनकाट्यावरची रांग एवढेच विषय असतात. ऊस फडातून काट्यापर्यंत ज्या गाडीने येतो, तिच्या बॉनेटखाली काय चालले आहे याची चौकशी गाडी बंद पडल्याशिवाय कोणी करत नाही. म्हणून या पाठात एक लहानशी गोष्ट घेतली आहे. इंजिनच्या पाण्याच्या वाटेवर जिथे जिथे आट्याचा जोड असतो, म्हणजे ड्रेन कॉक, निपल, एल्बो, प्लग, तापमानाचा सेन्सर, तिथून पाणी झिरपू नये म्हणून जोड कसा बांधायचा, एवढीच ती गोष्ट.

गोष्ट लहान म्हटली, पण आम्हाला ती महागात पडली. दोन हंगामांपूर्वी आमच्या चुलतभावाचा ट्रॅक्टर दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन चाकणच्या तळेगाव चौकात अडकला. पुणे-नाशिक रस्त्यावरचा तो चौक कसा आहे हे सांगायला नको. कंपन्यांची पाळी सुटण्याची वेळ होती, पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि तासभर गाडी पहिल्या गिअरमध्ये हात-दोन हात सरकत होती. तापमानाचा काटा शेवटपर्यंत हिरव्या पट्ट्यात होता. मग एकदम वाफ आली, इंजिन जड झाले आणि बंद पडले. हेड गॅसकेट गेले, हेड वाकडे झाले. ऊस दुसऱ्या ट्रॅक्टरला जोडून काट्यावर पोचायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा असे आपले शेतकी खाते का सांगते, हे आपल्याला माहीत आहे. वजन सुकते ते आपले जाते आणि साखर उतरते ती सगळ्यांची जाते.

इंजिन खोलल्यावर कारण सापडले ते ब्लॉकच्या बाजूच्या पाव इंची ड्रेन कॉकमध्ये. महिनाभर आधी तो बदलला होता. त्यानंतर रोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी घालावे लागे. चुलतभाऊ म्हणायचा, "जुनं इंजिन हाय दादा, पितंय थोडं." इंजिन पाणी पीत नसते. पाणी कुठेतरी जात असते.

आता एक शंका कुणालाही येईल. काटा हिरव्यात असताना इंजिन तापले कसे? सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याची उष्णता सांगतो. पाणी सेन्सरच्या खाली उतरले की त्याच्याभोवती वाफ आणि हवा राहते. हवा धातूला पाण्यासारखी उष्णता पोचवत नाही, म्हणून खाली ब्लॉक भाजत असताना वर काटा खोटी साक्ष देत राहतो. तेव्हा पाणी कमी होत असेल तर काट्यावर भरवसा ठेवू नका. रोज सकाळी, इंजिन गार असताना, पाण्याची पातळी डोळ्याने पाहणे याला दुसरा पर्याय नाही.

दुसरी गोष्ट दाबाची. रेडिएटरचे झाकण डब्याच्या झाकणासारखे नसते. त्यात स्प्रिंग असते आणि वर ०.९ किंवा १३ असा आकडा कोरलेला असतो. ०.९ म्हणजे बार, १३ म्हणजे चौरस इंचाला पौंड. दोन्ही जवळजवळ एकच. जुन्या ट्रॅक्टरांना बहुधा ७ पौंडांचे झाकण असे. चाकण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंचावर आहे, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यात पाणी शंभराला न उकळता ९८ अंशांच्या आसपासच उकळते. तेच पाणी ०.९ बार दाबाखाली ११५ अंश ओलांडल्यावर उकळते, आणि त्यात निम्मे कूलंट असेल तर आणखी वर. प्रेशर कुकरचा हाच न्याय आहे. झाकण बिघडले किंवा आट्यातून दाब सुटू लागला, की ही वरची शिल्लक आपण घालवून बसतो. तेव्हा जोडातून फक्त पाणी जात नाही, उकळण्याआधीची सवडही जाते.

आता आट्याकडे येऊ. आट्याचा जोड कितीही घट्ट केला तरी तो मुळात का गळतो? नराचा आटा मादीच्या आट्यात बसला तरी एकाचे शिखर दुसऱ्याच्या खोबणीच्या तळाला अगदी चिकटत नाही. बारीकशी फट राहते. ती फट आट्याबरोबर गोल गोल फिरत बाहेरपर्यंत जाते. डोंगराभोवती घाटाचा रस्ता जसा वळणे घेत उतरतो तसे पाणी त्या वाटेने उतरते. पाटाच्या बांधाला उंदराचे एक बीळ असले तर सगळ्या बांधाची मजबुती वाया जाते, तसेच हे. जोर लावून आवळल्याने बीळ बुजत नाही. ते बुजवायला काहीतरी भरावे लागते.

पण काय भरायचे हे ठरवण्याआधी आटा कोणत्या जातीचा आहे ते पाहिले पाहिजे, आणि आमचे मिस्त्री नेमके इथेच घाई करतात. पाइपाच्या आट्यांच्या दोन जाती आहेत. एक निमुळती, एक सरळ. निमुळता आटा टोकाला बारीक आणि मागे जाड असतो. सोळा मिलिमीटर लांबीला एक मिलिमीटर इतका त्याचा उतार असतो. तो आवळत गेले की कुऱ्हाडीच्या दांड्यातल्या पाचरीसारखा आवळून बसतो, आणि उरलेली फट भरायला सीलंट लागते. सरळ आटा मात्र कितीही फिरवला तरी पाचर होत नाही. त्याचे काम फक्त धरून ठेवण्याचे. पाणी अडवण्याचे काम त्याच्या खांद्याखालची तांब्याची वॉशर, ओ-रिंग, किंवा रबर चिकटवलेली लोखंडी वॉशर करते, जिला मिस्त्री डाउटी वॉशर म्हणतात. भारतीय मानकांतही हे दोन वेगळे कागद आहेत. ज्या आट्यावरच दाब अडवायचा त्यांच्यासाठी आयएस ५५४, आणि ज्या आट्यावर दाब अडवायचा नाही त्यांच्यासाठी आयएस २६४३. म्हणजे सरळ आट्यावर टेफ्लॉनचे दहा वेढे गुंडाळणारा माणूस चुकीच्या दारावर पहारा देत असतो. त्याने वॉशर बदलावी. तांब्याची जुनीच वॉशर घालायची असेल तर ती लालभडक तापवून मऊ करून घ्यावी, कारण एकदा दाबली गेलेली तांब्याची वॉशर कडक होते आणि दुसऱ्यांदा दबत नाही.

आता तिसरी भानगड, आणि आमच्या ड्रेन कॉकचे मरण याच भानगडीत होते. निमुळत्या आट्यातही दोन घराणी आहेत. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांना एक माप लावून दिले, त्यांचा कोन ५५ अंशांचा. त्यातून आलेला पाइपाचा आटा तो बीएसपी. आपल्याकडे नळाला, पंपाला, जुन्या इंजिनांना हाच. अमेरिकेने ६० अंशांचा कोन धरला, त्यांचा पाइपाचा आटा एनपीटी. दोघांचा उतार सारखा, नावे सारखी, पाव इंची, अर्धा इंची. पण पाव इंचीत बीएसपीला इंचाला १९ आटे, एनपीटीला १८. एक सुतीत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, २८ आणि २७. अर्ध्या इंचीत तर दोन्हींना १४च, म्हणून तिथे आटे मोजूनही फरक कळत नाही, कोनच पाहावा लागतो. शिवाय बाहेरचा व्यास वेगळा. पाव इंची बीएसपी सव्वातेरा मिलिमीटरला थोडा कमी, एनपीटी पावणेचौदाच्या जवळ.

नवशिक्याला एक गोष्ट नेहमी बुचकळ्यात टाकते. पाव इंच म्हणजे सव्वासहा मिलिमीटर, मग आटा तेरा मिलिमीटरचा कसा? पाइपाच्या आट्याचे नाव जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडले आहे, बाहेरच्या जाडीवरून नाही. एवढे लक्षात राहिले तर दुकानात फजिती होत नाही.

चाकण, भोसरी, चिंचवडचा हा पट्टा असा आहे की इथे जगातल्या सगळ्या देशांचे आटे एका ड्रॉवरमध्ये सापडतात. बजाजचा कारखाना चाकणला आला, २००९ साली फोक्सवॅगन आली, मागोमाग महिंद्र आले. जर्मन, अमेरिकी, जपानी, कोरियन यंत्रे आली, त्यांचे सुटे भाग आले आणि कालांतराने त्यांचे भंगारही आले. पितळेची चांगली जड निपल भंगारात किलोवर मिळते, आणि ती दिसायला नव्यापेक्षा सरस असते. आमचा कॉक तसाच आला होता. एनपीटीचा, बसवला बीएसपीच्या भोकात. दोन-तीन वेढे गेला आणि घट्ट झाला. मिस्त्रीला वाटले, वा, काय पक्का बसला! प्रत्यक्षात दोन आट्यांनी एकमेकांचे दात चावले होते आणि बाकीची वाट मोकळी होती. वर टेफ्लॉन होतेच, त्यामुळे पहिला आठवडा टिकला.

याची परीक्षा सोपी आहे. सीलंट काही न लावता, कोरडा नर हाताने फिरवून पाहा. बरोबरचा निमुळता जोड हाताने साधारण तीन ते पाच वेढे सहज जातो आणि मग हळूहळू आवळतो. पहिल्या-दुसऱ्या वेढ्यातच अडकला, किंवा शेवटपर्यंत खुळखुळत गेला, तर तो त्या भोकाचा नाही. जुना भाग हाती असेल तर दोघांचे आटे एकमेकांत दाताला दात लावून उजेडाकडे धरा. आटे जुळत नसतील तर मधून उजेड दिसतो. पिच गेज असेल तर उत्तमच, ते फार महाग नसते. सेन्सर बदलताना विशेष जपा, कारण दहा मिलिमीटर व्यासाचा, एक मिलिमीटर पिचचा मेट्रिक सेन्सर आणि एक सुती बीएसपी सेन्सर हे भावाभावांसारखे दिसतात आणि एकाच्या घरात दुसरा जोर करून घुसतो. थर्मोस्टॅटचे घर बहुधा ॲल्युमिनियमचे असते. त्याचे आटे एकदा खाल्ले की वीस पैशांच्या घाईसाठी सगळे घर बदलावे लागते.

आता भरायचे काय? जुन्या काळी दोरा आणि सफेदा. ताग किंवा सूत आट्यात ओढून गुंडाळायचे आणि त्यावर सफेदा नाहीतर शेंदूर चोपडायचा. आपल्या कारखान्याच्या वाफेच्या, पाण्याच्या लाइनींवर कित्येक वर्षे हेच चालले आणि चांगले चालले. जुना सफेदा आणि शेंदूर दोन्ही शिशाचे, म्हणजे विषारी, हात न धुता भाकरी खाण्याचे काम नव्हे. नळाच्या पाण्यात ताग फुगतो आणि फट बुजवतो, म्हणून तिथे तो खरा. पण इंजिनच्या उष्णतेत तो वाळतो, आणि थरथरीने ढिला पडतो. शिवाय सुटलेला तंतू पाण्याबरोबर फिरून रेडिएटरच्या बारीक नळीत अडकतो. इंजिनवर दोरा नको, असे आमचे मत आहे. काही जुने मिस्त्री यावर भांडतील. भांडोत.

टेफ्लॉनची पट्टी सगळ्यांच्या खिशात असते. तिला गोंद समजू नका. ती चिकटत नाही. ती आट्याला निसरडे करून जोड खोल जाऊ देते आणि फटीत दबून बसते. २६० अंशांपर्यंत तिला काही होत नाही, तेव्हा इंजिनच्या पाण्याची उष्णता तिला किरकोळ आहे. चूक होते ती गुंडाळण्यात. नराचे टोक स्वतःकडे धरा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून, गुंडाळा, म्हणजे जोड आवळताना पट्टी घट्ट होत जाते. उलटी गुंडाळली तर आवळताना ती उलगडून गोळा होते. टोकाचा पहिला आटा उघडा सोडा. तो झाकला तर पट्टीची चिंधी आत पाण्यात कापली जाते आणि थर्मोस्टॅटच्या तोंडाशी जाऊन बसते. एक सुती, पाव इंचीला दोन-तीन वेढे पुरे. जास्त वेढे म्हणजे जास्त पक्के, ही समजूत घातक आहे. जाड पट्टीवर निमुळता आटा जोराने गेला की मादीचे घर फाटते, आणि ॲल्युमिनियम असेल तर लवकर फाटते.

एका वायरच्या सेन्सरची गोष्ट वेगळी. त्याला अर्थिंग त्याच्याच आट्यातून मिळते. त्यावर टेफ्लॉन थापले तर धातूला धातू लागेल याची खात्री नाही, आणि मग काटा नेहमीपेक्षा कमी दाखवू लागतो. वर सांगितलेल्या खोट्या साक्षीला आपणच दुसरा साक्षीदार उभा केला असे होते. अशा सेन्सरला मधल्या दोन-तीन आट्यांवर पातळ हाताने द्रव सीलंट लावावे आणि बसवल्यावर काटा नीट चालतो ना हे पाहावे.

हे द्रव सीलंट म्हणजे काय? कारखान्यात बनणाऱ्या गाड्यांना आज बहुधा हेच वापरतात. याची गंमत अशी, की हे हवेत पातळ राहते आणि हवा तुटली, आजूबाजूला धातू असला, की घट्ट होते. अमेरिकेतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ च्या सुमारास ते केले आणि पुढे लॉकटाइट या नावाने ते बाजारात आले. बाटली अर्धीच भरलेली येते. पुष्कळांना वाटते दुकानदाराने फसवले. तसे नाही, आतली हवाच त्याला बाटलीत घट्ट होऊ देत नाही. पितळेवर ते चटकन जमते, जस्ताचा मुलामा आणि स्टेनलेसवर सावकाश, थंडीत आणखी सावकाश. प्लॅस्टिकच्या आट्यावर ते जमत नाही. डिसेंबरच्या थंडीत रात्री जोड केला आणि पहाटे गाडी काढली, तर दोष सीलंटचा नाही. चोवीस तास द्या. आणि घेताना 'पाइप सीलंट' मागा. नट-बोल्ट कायमचे धरून ठेवणारे लाल औषध आणले तर पुढच्या वेळी कॉक काढताना दिवा लावून तापवावा लागेल.

सिलिकॉनची ट्यूब गॅसकेटसाठी आहे, आट्यासाठी नाही. तिचा आत आलेला शेव रेडिएटरकडे जातो. एम-सीलचा गोळा बाहेरून थापणे ही वाटेतली मलमपट्टी आहे, घरी पोचायला चालेल. आणि हळद. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकण्याचा उपाय आपल्याकडे ट्रकवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. सुईच्या टोकाएवढे भोक रेडिएटरच्या नळीला असेल तर हळद तिथे जाऊन बसते, हे खरे आहे. पण तिला चांगली नळी आणि वाईट नळी यातला भेद कळत नाही. आट्याच्या जोडाला तर तिचा काडीचा उपयोग नाही. हळद टाकून आलाच असाल तर घरी आल्यावर पाणी काढून सगळे धुऊन घ्या.

काम करताना आधी जुने सीलंट पितळी ब्रशने काढा. आट्याचा तेलकटपणा थिनरने पुसा. डिझेल-रॉकेलने पुसू नका, मागे तेलाचा थर राहतो. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने दीड-दोन वेढे द्या आणि थांबा. एल्बोचे तोंड हवे तिकडे वळले नाही म्हणून जोड मागे फिरवू नका. निमुळता जोड एक अंश जरी मागे आला तरी भरलेली वाट पुन्हा उघडते. पुढे जाण्याची जागा असेल तर पुढे न्या, नाहीतर पूर्ण खोलून, पुसून, नव्याने भरा. यात कंटाळा आला की समजा पुढच्या महिन्यात पुन्हा तेच काम आहे.

गळती शोधायचीही एक खूण सांगतो. पुष्कळ जोड गरम असताना गळत नाहीत, गार झाल्यावर गळतात, कारण उष्णतेने धातू फुगून फट दबते आणि रात्री आखडून उघडते. दिवसा मिस्त्रीकडे नेली तर कोरडी ठणठणीत, आणि पहाटे गोठ्यापुढे ओल. उलट काही जोड गरम असतानाच झिरपतात, पण पाणी लगेच वाळते आणि मागे फक्त पांढरा, हिरवा किंवा गुलाबी खार राहतो. म्हणून ओल शोधू नका, खार शोधा. शंका असलेल्या जोडाभोवती रात्री वर्तमानपत्राची पट्टी बांधून ठेवा, सकाळी तिच्यावरचा डाग सांगेल. गॅरेजमध्ये झाकणाच्या जागी बसणारा हातपंप असतो. गार इंजिनला झाकणावरच्या आकड्याइतका दाब देऊन पंधरा मिनिटे काटा खाली येतो का ते पाहतात. हेड गॅसकेट बदलण्याच्या खर्चापुढे ही तपासणी काहीच नाही. गरम इंजिनचे झाकण मात्र कुणीही, कसल्याही घाईत उघडू नये. दाब सुटला की आतले पाणी एकदम उकळून तोंडावर येते. आपल्या भागात असे भाजलेले हात आम्ही पाहिले आहेत.

विहिरीचे, बोअरचे पाणी घालू नका हे पूर्वीही सांगितले आहे. त्यातला चुना आट्यावर आणि नळ्यांत बसतो. शुद्ध डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळून घाला, किंवा तयार मिश्रण घ्या. कारखान्यातले कंडेन्सेट पाणी मागायला येऊ नका, बॉयलरला देतानासुद्धा त्यात साखर आली नाही ना हे तपासावे लागते.

राहता राहिले ते जमिनीवर पडलेले पाणी. कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि पोटात विष आहे. मूत्रपिंड निकामी होते. कुत्रे चाटते, वासरू चाटते, अंगणात खेळणारे पोरही बोट लावते. गाडी गोठ्याजवळ उभी असेल आणि खाली हिरवा किंवा गुलाबी ओघळ दिसला, तर त्यावर माती टाका, ती माती उचलून जनावरे जाणार नाहीत अशा जागी खोल पुरा, आणि रेडिएटरमधून काढलेले जुने कूलंट पाटात, विहिरीच्या काठाला किंवा उसाच्या सरीत ओतू नका. बाटलीत भरून, झाकण लावून, पोरांच्या हाताला येणार नाही असे ठेवा. कुणी प्यायले असे वाटले तर उलटीची वाट न बघता तडक दवाखाना गाठा, आणि बाटली बरोबर न्या.